एक्लोजाइट ओळखायचा कसा? काळ्या पाषाणापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सह्याद्रीच्या आसपास वाढलेल्या माणसाला काळा पाषाण ओळखायला शिकवावे लागत नाही. घराचे जोते, विहिरीची बांधणी, देवळाच्या पायऱ्या, पाटा-वरवंटा आणि जाते या सगळ्यांतून तो लहानपणापासून त्याच्या हाताखालून गेलेला असतो. एक्लोजाइट हा अतिदाबाखाली तयार होणारा रूपांतरित खडक शिकायचा असेल, तर सुरुवात याच जुन्या ओळखीपासून करावी असे माझे मत आहे. रासायनिक घटकांपुरते बोलायचे तर एक्लोजाइट म्हणजे हा काळा पाषाण, अर्थात बेसाल्टच होय. सिलिका, ॲल्युमिना, लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सोडियम यांचे प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखे असते. ही मूलद्रव्ये ज्या खनिजांत राहतात ती घरे मात्र पूर्णपणे बदललेली असतात. घरे का बदलली आणि ती बदलली आहेत हे हातातल्या दगडावरून कसे ओळखायचे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. भूशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले विद्यार्थी आणि दगड गोळा करण्याचा छंद नव्याने लागलेले वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

पहिली पायरी: आधी बेसाल्ट नीट पाहावा

हाताच्या मुठीएवढा, भोके नसलेला, ताज्या फुटीचा बेसाल्ट घ्यावा आणि दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून उन्हात पाहावा. काळसर करड्या पार्श्वभूमीवर बारीक, लांबट, पांढुरक्या काड्या चमकताना दिसतील. या काड्या म्हणजे प्लॅजिओक्लेज नावाचे फेल्स्पार होय. सोडियम, कॅल्शियम आणि बरेचसे ॲल्युमिनियम याच खनिजात साठवलेले असते. त्यांच्यामधल्या काळपट कणांत मुख्यतः ऑजाइट हे पायरोक्सीन कुळातले खनिज असते. दाणे फार बारीक असल्याने काड्या दिसल्या नाहीत, तर गॅब्रोचा नमुना मिळवावा. गॅब्रो हा त्याच शिलारसाचा (वितळलेल्या खडकाचा), पण खोलवर सावकाश थंड झालेला खडक असल्यामुळे त्यातले पांढरे आणि काळे स्फटिक नुसत्या डोळ्यांनीही वेगळे दिसतात.

ती पांढरी काडी डोळ्यांत भरून ठेवावी. पुढच्या सगळ्या ओळखीचा कणा तीच आहे, कारण एक्लोजाइटमध्ये ती अजिबात नसते.

दुसरी पायरी: दाबाचा हिशेब मांडावा

जमिनीखाली एक किलोमीटर उतरले की वरच्या खडकाच्या वजनामुळे दाब सुमारे २८० बारने वाढतो (एक बार म्हणजे जवळजवळ जमिनीवरच्या हवेच्या दाबाइतका दाब). याचा अर्थ ३५ किलोमीटर खोलीवर दाब साधारण १० किलोबार आणि ५० किलोमीटरवर साधारण १४ किलोबार होतो. १४ किलोबार म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर, अर्थात करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सुमारे १४ टन भार. एक्लोजाइट तयार होण्यासाठी साधारणपणे १२ ते १४ किलोबारच्या पुढचा दाब लागतो, म्हणजे निदान ४५ किलोमीटरच्या आसपासची खोली हवी.

तापमानाचा हिशेब मात्र नवख्यांना नेहमी चकवतो. खंडांच्या कवचात खोलीबरोबर तापमान दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते असे आपण शाळेत शिकतो. त्या दराने ५० किलोमीटरवर १,२०० अंशांच्या वर जावे लागेल आणि तिथे बेसाल्ट वितळूनच जाईल. प्रत्यक्षात खोल गेल्यावर वाढीचा हा दर मंदावतो, पण तरीही नेहमीच्या परिस्थितीत एवढ्या दाबाला दगड बराच तापलेला असतो. याउलट अनेक एक्लोजाइट ४५० ते ७०० अंशांच्या दरम्यान तयार झाल्याचे आढळते. त्यासाठी थंड दगड गरम व्हायला पुरेसा वेळ मिळण्याआधीच खोल ढकलला गेला पाहिजे. पृथ्वीवर हे घडण्याची मुख्य जागा एकच आहे. जिथे एक भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली शिरतो, त्या निमज्जन पट्ट्यात महासागराच्या तळाचा थंडगार बेसाल्ट वर्षाला काही सेंटीमीटर या वेगाने खाली ओढला जातो. दगड उष्णतेचा अतिशय मंद वाहक आहे, त्यामुळे तो १०० किलोमीटर खोल पोहोचला तरी आतून तुलनेने थंडच राहतो. निमज्जन पट्ट्यात तापमानवाढीचा दर किलोमीटरमागे ५ ते १० अंश इतका कमी असतो. म्हणून एक्लोजाइट सापडला की तिथे कधीकाळी एक भूपट्ट दुसऱ्याखाली गेला असावा, अशी शंका आधी घ्यावी आणि पुरावा नंतर शोधावा.

जाड खंडीय कवचाच्या तळाशी आणि कवचाखालच्या प्रावरणातही एक्लोजाइट तयार होतात आणि किंबर्लाइट या खोलवरून उसळून आलेल्या ज्वालामुखी खडकाच्या नळीतून वर आलेल्या तुकड्यांच्या रूपात ते मिळतात. आंध्र प्रदेशातल्या अनंतपूर भागातील काही किंबर्लाइटमध्ये असे तुकडे सापडले आहेत. हा विषय स्वतंत्र असल्याने येथे त्यात शिरत नाही.

तिसरी पायरी: खनिजांची अदलाबदल समजून घ्यावी

दाबाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते: दाब वाढला की कमी जागा व्यापणारी मांडणी टिकते आणि ऐसपैस मांडणी मोडते. प्लॅजिओक्लेज हे ऐसपैस खनिज आहे. त्याची घनता (एका घन सेंटीमीटरला ग्रॅममध्ये) २.६ ते २.७६ च्या दरम्यान असते. त्यामुळे पहिला बळी त्याचाच जातो. त्यातला सोडियमचा भाग, म्हणजे अल्बाइट, मोडून जेडाइट आणि क्वार्ट्‌झ तयार होतात. जेडाइट हे पायरोक्सीन कुळातले खनिज असून त्याची घनता ३.३ च्या आसपास असते. म्यानमारमधून येणारा उंची जेड याच खनिजाचा असतो. प्लॅजिओक्लेजचा कॅल्शियमचा भाग, म्हणजे अनॉर्थाइट, मोडून ग्रॉस्युलर गार्नेट, कायनाइट आणि क्वार्ट्‌झ तयार होतात. ग्रॉस्युलर म्हणजे ज्याच्या एका प्रकाराला आपण गोमेद म्हणतो ते गार्नेट, आणि कायनाइट म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या खाणींमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले निळसर खनिज.

एक्लोजाइटमध्ये हे पदार्थ सुटे राहत नाहीत. जेडाइटचा अंश मूळच्या पायरोक्सीनमध्ये मिसळतो आणि ऑम्फॅसाइट नावाचे गवती हिरवे पायरोक्सीन तयार होते. ग्रॉस्युलरचा अंश लोह आणि मॅग्नेशियमच्या गार्नेटमध्ये मिसळून लालसर गार्नेट तयार होते. टायटॅनियम बहुधा रूटाइलच्या तपकिरी-लाल कणांत जाऊन बसते. मूळ खडकातील पांढरे आणि काळे असे दोन रंग जाऊन त्यांच्या जागी हिरवा आणि लाल हे दोन रंग येतात.

खडकांच्या वर्गीकरणात एक्लोजाइटची व्याख्या नेमकी आहे: गार्नेट आणि ऑम्फॅसाइट मिळून खडकाचे निदान ७५ टक्के आकारमान व्यापलेले असावे, त्यांपैकी कोणतेही एकटे ७५ टक्क्यांच्या वर नसावे आणि प्लॅजिओक्लेज नसावे. या व्याख्येतील तिसरी अट विद्यार्थी सर्वांत आधी विसरतात. माझ्या मते पाठ करायची झाली तर तीच पाठ करावी.

नाव कुठून आले, हेही जाता जाता सांगतो. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रने-जुस्त आउई यांनी १८२२ मध्ये ‘निवड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते दिले. नेहमीच्या खडकांत न दिसणारी खनिजांची ही जोडी जणू मुद्दाम निवडून एकत्र आणल्यासारखी त्यांना वाटली होती.

चौथी पायरी: वाटेवरचे थांबे ओळखावेत

बेसाल्ट एका उडीत एक्लोजाइट होत नाही. महासागराच्या तळाशी त्यात पाणी मुरते आणि क्लोराइटसारखी पाणी धरून ठेवणारी हिरवट खनिजे तयार होतात. आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत मिळणारी झिओलाइटही पाणी धरणारी आणि कमी दाबावर टिकणारीच आहेत. जळगाव, नाशिक, पुणे या भागांतले सुंदर स्फटिक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रवासाचे वरचे टोक माहीत आहे असे म्हणता येईल. असा ओला बेसाल्ट निमज्जन पट्ट्यात २० ते ३० किलोमीटरच्या खाली थंडपणे गेला की त्यात ग्लॉकोफेन हे अँफिबोल कुळातले निळे खनिज तयार होते आणि खडकाला निळसर जांभळी छटा येते. या खडकाला ब्लूशिस्ट म्हणतात. लडाखमध्ये कारगिल जिल्ह्यातील शेरगोल येथे तो उघड्यावर पाहायला मिळतो. आणखी खोल गेल्यावर ग्लॉकोफेनही मोडते, त्यातले पाणी बाहेर पडते आणि खडक एक्लोजाइट होतो.

बाहेर पडलेले हे पाणी वाया जात नाही. ते वरच्या प्रावरणात शिरून त्याचा वितळणबिंदू खाली आणते आणि त्यातून जपान, इंडोनेशिया यांसारख्या प्रदेशांतील ज्वालामुखींना रस पुरवला जातो. मागे उरलेला एक्लोजाइट आजूबाजूच्या प्रावरणापेक्षा जड असतो. प्रावरणातल्या पेरिडोटाइट या खडकाची घनता ३.३ च्या आसपास असते, तर एक्लोजाइटची ३.४ ते ३.६. त्यामुळे तो आपल्यामागचा सगळा भूपट्ट खाली ओढू लागतो. भूपट्ट हलवणाऱ्या प्रेरणांमध्ये या ओढीचा वाटा फार मोठा मानला जातो.

इथे एका गैरसमजाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पुरेसा दाब आला की बेसाल्टचा एक्लोजाइट होणारच, असे दाब-तापमानाच्या आलेखाकडे पाहून वाटते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गनजवळ होल्सनॉय नावाचे बेट आहे, तिथले खडक हा समज खोडून काढतात. तिथला जुना, कोरडा ग्रॅन्युलाइट (उच्च तापमानावर रूपांतरित झालेला खडक) एक्लोजाइटला लागणाऱ्या खोलीपर्यंत गेला होता, तरी त्याचा मोठा भाग होता तसाच राहिला. तो बदलला तो फक्त भेगांच्या दोन्ही बाजूंना, काही सेंटीमीटर ते काही मीटर रुंदीच्या पट्ट्यांत, कारण तेवढ्याच भागात भेगेतून द्रव शिरला होता. भूशास्त्रज्ञ होकोन औस्त्रहाइम यांनी १९८७ मध्ये हे दाखवून दिले. मूलद्रव्यांना एका खनिजातून निघून दुसऱ्यात जायला वाहन लागते आणि ते काम बहुतेक वेळा पाण्याचा अत्यल्प अंश करतो. तेव्हा ‘इथे एक्लोजाइट नाही’ यावरून ‘इथे दाब नव्हता’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

पाचवी पायरी: हातातला नमुना तपासावा

आता प्रत्यक्ष दगडाकडे वळू. लागणारी साधने अशी: दहापट भिंग, पोलादी चाकू, पाण्याची फवारणी बाटली, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, दोरा आणि वही.

नमुना आधी ओला करावा. कोरड्या, धुळकट पृष्ठभागावर ऑम्फॅसाइट राखाडी दिसते. पाणी पडताच त्याचा हिरवा रंग वर येतो. त्या हिरव्यावर गार्नेटचे दाणे सहसा मिलिमीटरभर ते सेंटीमीटरभर आकाराचे, गोलसर आणि बहुपैलू दिसतात. गार्नेट हे नाव मुळात डाळिंबाशी संबंधित लॅटिन शब्दावरून आले आहे, आणि चांगल्या एक्लोजाइटकडे पाहताना पानावर काढून ठेवलेले डाळिंबाचे दाणे आठवले नाहीत तरच नवल. मात्र सगळेच एक्लोजाइट छायाचित्रांतल्यासारखे देखणे नसतात. पुष्कळदा दाणे इतके बारीक असतात की खडक नुसता मळकट हिरवा-तपकिरी दिसतो आणि तेव्हा पुढच्या कसोट्यांवरच भिस्त ठेवावी लागते.

चाकूचे टोक लाल दाण्यावर ओढावे. एक ते दहाच्या मोह्‌स मापनावर गार्नेटचे काठिण्य साडेसहा ते साडेसात असल्याने त्यावर ओरखडा उठत नाही. उलट चाकूचेच पोलाद घासून राखाडी रेघ उमटते आणि ती बोटाने पुसली जाते. गार्नेटला पाटनही नसते, म्हणजे ते ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटत नाही. ऑम्फॅसाइटचे काठिण्य पाच ते सहा असते आणि त्याला जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या दोन पाटन-दिशा असतात. भिंगाखाली हिरवा कण सावकाश फिरवला की या पायऱ्या-पायऱ्यांच्या पृष्ठावरून प्रकाश एकदम लखलखतो आणि नाहीसा होतो. त्या क्षणी दोन पृष्ठांमधला कोन पाहण्याचा सराव करावा. कोन सुमारे ९० अंशांचा असेल तर पायरोक्सीन. १२० आणि ६० अंशांचा असेल तर अँफिबोल.

यानंतर पांढरे काय दिसते ते पाहावे. पांढरा कण दिसला म्हणून लगेच निराश होऊ नये. एक्लोजाइटमध्ये क्वार्ट्‌झ, चंदेरी फेंगाइट अभ्रक, फिकट झोइसाइट आणि निळसर पांढरे कायनाइट असू शकते. क्वार्ट्‌झ काचेसारखे, पाटनाशिवाय फुटते. अभ्रकाचे पापुद्रे चाकूने निघतात. कायनाइटच्या पट्ट्यांवर लांबीच्या दिशेने चाकूचा ओरखडा उठतो, पण आडव्या दिशेने उठत नाही. यांपैकी काहीच लागू पडत नसेल, कण दुधी असेल आणि सपाट पाटन-पृष्ठे दाखवत असेल, तर ते प्लॅजिओक्लेज असण्याची शक्यता मोठी आहे. मग तो खडक एक्लोजाइट नाही, किंवा कधीकाळी होता आणि आता राहिलेला नाही.

सहावी पायरी: वजन करावे

माझा सर्वांत जास्त विश्वास ज्या घरगुती कसोटीवर आहे, ती ही. नमुना कोरडा करून वजन लिहून घ्यावे. मग अर्धे पाणी भरलेले पातेले काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा. नमुना दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने धरावा. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये आणि त्याला बुडबुडे चिकटलेले नसावेत. काटा आता जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर त्या दगडाचे आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळाली.

उदाहरण म्हणून एक आकडेमोड करू. बेसाल्टचा तुकडा ४१२ ग्रॅमचा आहे आणि पाण्यात धरल्यावर काटा १४२ दाखवतो, घनता २.९ आली. एक्लोजाइटचा तुकडा ३८० ग्रॅमचा आहे आणि काटा ११० दाखवतो, घनता ३.४५ आली. हाच फरक दुसऱ्या प्रकारे पाहायचा तर १०० घन सेंटीमीटर बेसाल्ट एक्लोजाइट झाल्यावर साधारण ८५ घन सेंटीमीटरमध्ये मावतो. दोन्ही हातांत एकाच आकाराचे हे दोन तुकडे घेतले तर हा फरक मोजण्याआधीच मनगटाला कळतो. ज्याने आयुष्यात पाट्यावर वरवंटा फिरवला आहे, त्याला तर हमखास कळतो.

नमुना निदान ३०० ग्रॅमचा घ्यावा. तीस ग्रॅमच्या खड्यात पाण्याचा आकडा जेमतेम ९ येतो आणि काट्याची एका ग्रॅमची चूक घनतेत एकदशांशाहून मोठी चूक होऊन बसते. भोकांचा किंवा झिओलाइट भरलेला बेसाल्ट तुलनेसाठी वापरू नये, कारण त्याची घनता मुळातच कमी भरते. आणि ३.४ पेक्षा जड निघालेला प्रत्येक दगड एक्लोजाइट नसतो, हेही लक्षात ठेवावे. लोहखनिज असलेले कितीतरी खडक यापेक्षा जड असतात. चुंबक जवळ नेऊन पाहणे दोन सेकंदांचे काम आहे.

सातवी पायरी: सारखे दिसणारे खडक वेगळे काढावेत

विद्यार्थिदशेत मी एका सहलीत सापडलेला लाल-हिरवट काळा दगड मोठ्या अभिमानाने एक्लोजाइट म्हणून वर्गात मांडला होता. तो गार्नेट-अँफिबोलाइट निघाला. चूक अशी झाली की मी फक्त लाल दाणे पाहिले आणि त्यांच्याभोवतीच्या काळ्या, लांबट, १२० अंशांत फुटणाऱ्या हॉर्नब्लेंड या अँफिबोलकडे दुर्लक्ष केले. गार्नेट हे एकटे अतिदाबाची साक्ष देत नाही. ते मध्यम दाबाच्या शिस्टमध्येही सर्रास मिळते. साक्ष द्यायला त्याच्यासोबत ऑम्फॅसाइट लागते.

दुसरा फसवा खडक म्हणजे गार्नेट असलेला मॅफिक, म्हणजे लोह-मॅग्नेशियम भरपूर असलेला, ग्रॅन्युलाइट. त्यात पायरोक्सीनही असते, त्यामुळे कोनाची कसोटी निरुपयोगी ठरते, पण पांढरे प्लॅजिओक्लेज उरलेले असते. तिसरा स्कार्न, संगमरवराला शिलारसाचा स्पर्श झाला की तिथे गार्नेट आणि हिरवे डायॉप्साइड एकत्र येतात आणि हातनमुना थेट एक्लोजाइटसारखा दिसतो. येथे दगडाकडे न पाहता जागेकडे पाहावे. शेजारी संगमरवर असेल आणि कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब फसफसत असेल, तर उत्तर मिळाले. गार्नेट-पेरिडोटाइटमध्ये हिरवा रंग ऑलिव्हिनचा असतो. उघड्यावर राहिलेला पृष्ठभाग गंजासारखा पिवळट तपकिरी होतो.

आठवी पायरी: परतीच्या प्रवासाच्या खुणा वाचाव्यात

एक्लोजाइट आपल्या हातात आहे याचाच अर्थ तो इतक्या खोलीवरून परत आला आहे, आणि परत येताना दाब उतरत असल्याने त्याची खनिजे पुन्हा मोडू लागलेली असतात. गार्नेटभोवती काळपट हिरव्या अँफिबोलची कडी दिसते. ऑम्फॅसाइटच्या जागी बोटांचे ठसे उमटावेत तशी प्लॅजिओक्लेज आणि पायरोक्सीनची अतिशय बारीक गुंफण तयार होते. तिला सिंप्लेक्टाइट म्हणतात. घनता ३.२ च्या आसपास भरली, लाल दाणे आहेत, पण हिरवा रंग निस्तेज झाला आहे, अशा नमुन्यात ही शक्यता आधी तपासावी.

०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद करून घेण्याची सोय असेल, तर ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली काम सोपे होते. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांत गार्नेट पूर्ण काळे राहते, ऑम्फॅसाइट रंगीत होते. खरी मौज मात्र गार्नेटच्या आत असते. गार्नेट हे टणक खनिज असल्यामुळे वाढताना त्यात अडकलेले कण बाहेरच्या बदलांपासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. कधीकधी अशा एखाद्या क्वार्ट्‌झच्या कणाभोवती गार्नेटमध्ये चांदणीच्या किरणांसारख्या भेगा दिसतात. या भेगांचे कारण असे की तो कण मुळात क्वार्ट्‌झ नव्हता. तो होता कोएसाइट, म्हणजे सिलिकाचेच २.९२ घनतेचे दाट रूप, जे टिकायला ७०० अंशांवर सुमारे २७ किलोबार दाब, म्हणजे ९० किलोमीटरच्या आसपासची खोली लागते. वर येताना त्याचे २.६५ घनतेच्या क्वार्ट्‌झमध्ये रूपांतर झाले, आकारमान साधारण दहा टक्क्यांनी फुगले आणि भोवतीचे गार्नेट तडकले.

लॉरिंग कोस यांनी १९५३ मध्ये हे खनिज प्रयोगशाळेत तयार केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. निसर्गात ते प्रथम उल्कापाताच्या विवरात सापडले. १९८४ मध्ये संशोधक क्रिस्तियाँ शोपाँ यांना पश्चिम आल्प्समधील डोरा माइरा येथे आणि डेव्हिड स्मिथ यांना नॉर्वेमध्ये ते रूपांतरित खडकांत मिळाले. डोरा माइराचा खडक तर मुळात खंडीय कवचाचा होता. हलके खंडीय कवच इतके खोल जाऊ शकते आणि परतही येऊ शकते, हे त्याआधी सहजासहजी कोणी मान्य केले नसते.

नववी पायरी: भारतात कुठे पाहावा

सह्याद्रीत एक्लोजाइट शोधत फिरू नये. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला आणि तिथेच राहिला. भारतातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण लडाखमधील त्सो मोरिरी सरोवराचा परिसर आणि त्याच्या उत्तरेकडची पुगा-सुमदो ही बाजू आहे. भारतीय भूपट्टाची उत्तर कडा सुमारे ५ ते ५.५ कोटी वर्षांपूर्वी आशियाखाली गेली. त्या कडेत ग्रॅनाइटी नाइस हा पट्टेदार रूपांतरित खडक होता आणि नाइसमध्ये बेसाल्टी खडकाच्या शिरा व भिंगे, म्हणजे भिंगाच्या आकाराचे तुकडे, होती. ही भिंगे पर्मियन काळातील पंजाल ट्रॅपच्या, म्हणजे सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या उद्रेकाशी संबंधित असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. दख्खनच्या ट्रॅपचाच हा थोरला भाऊबंद म्हणावा लागेल. फरक इतकाच की त्याला खाली जावे लागले. २००१ मध्ये देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतील संशोधकांनी इथल्या एक्लोजाइटच्या गार्नेटमध्ये कोएसाइट असल्याचे प्रसिद्ध केले. इतका जड दगड वर कसा आला, या प्रश्नाचे उत्तरही आजूबाजूच्या नाइसमध्येच आहे. नाइस प्रावरणापेक्षा बराच हलका असल्याने तो पाण्याखाली दाबलेल्या लाकडी फळीसारखा वर उसळला आणि पोटातली भिंगे त्याच्याबरोबर आली.

उघड्यावर ही भिंगे करड्या नाइसमध्ये काळपट गाठींसारखी दिसतात. कुठे हातभर, कुठे कित्येक मीटर लांब. नवखा माणूस गाठीच्या कडेचा तुकडा पाहतो आणि तो अँफिबोलाइट असल्याने हिरमुसतो. द्रव बाहेरून आत शिरतो, म्हणून कडा आधी बिघडते. ताजा लाल-हिरवा एक्लोजाइट गाठीच्या मध्यभागी शोधावा.

हा प्रदेश साडेचार हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर आहे, त्यामुळे लेहमध्ये दोन-तीन दिवस थांबून शरीराला विरळ हवेची सवय केल्याशिवाय तिकडे जाऊ नये. परवान्यांचे नियम लेहमध्ये पोहोचल्यावर ताजे विचारून घ्यावेत. त्सो मोरिरी २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या रामसर यादीत आहे. हातोडा बाहेर काढण्याआधी परवानगीची खात्री करावी आणि परवानगी नसेल तर छायाचित्रावर समाधान मानावे. खरे सांगायचे तर नवशिक्याला हातोड्यापेक्षा ओला रुमाल आणि भिंग जास्त शिकवते. ज्यांना इतक्या लांब जाणे शक्य नाही, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागातील नमुन्यांच्या कपाटाबद्दल चौकशी करावी. जुन्या विभागांत आल्प्स किंवा नॉर्वेहून आणवलेला एखादा तुकडा असू शकतो.

दहावी पायरी: नोंद करावी

प्रत्येक नमुन्याला त्याच दिवशी क्रमांक द्यावा आणि वहीत त्याच्यासमोर ठिकाण, अक्षांश-रेखांश, आजूबाजूचा खडक, गाठीच्या मध्यापासूनचे अंतर, दाण्यांचा आकार, अंदाजे टक्केवारी आणि घनता लिहावी. लेबल नुसत्या कागदावर लिहून पिशवीत टाकू नये. ते ओलाव्याने पुसले जाते, म्हणून दगडावरच पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घालावा. आणि ‘काय दिसले’ या रकान्याच्या शेजारी ‘काय शोधूनही दिसले नाही’ असा दुसरा रकाना आखावा. एक्लोजाइटच्या नोंदीत त्या रकान्यातली पहिली ओळ ‘प्लॅजिओक्लेज: नाही, भिंगाखाली तीन ठिकाणी पाहिले’ अशी असली, तर ती नोंद पुढे कोणालाही वापरता येते.